आधी सप्लाय, मग सर्किट

इलेक्ट्रॉनिक उपकरणाचा आराखडा करताना पॉवर सप्लायची चौकट बहुधा सर्वांत शेवटी भरली जाते. प्रोसेसर ठरतो, सेन्सर ठरतात, डिस्प्ले ठरतो, खोक्याचे माप ठरते, आणि मग बोर्डाच्या ज्या कोपऱ्यात जागा उरेल तिथे १२ व्होल्टचे ३.३ व्होल्ट करणारी एखादी आयसी बसवली जाते. डेटाशीटमधले सर्किट उतरवून घेतले की झाले, असा समज असतो. टेबलावर पहिला नग चालतोही. पुढे शंभर नग बाहेर पडतात, एप्रिल-मे उजाडतो, शेजारच्या शेडमध्ये मोठी मोटर सुरू होते, आणि बोर्ड मधूनच रीसेट व्हायला लागतात, मोजमापाचे आकडे स्थिर राहत नाहीत. आठवडाभर सॉफ्टवेअर तपासून झाल्यावर कुणीतरी सप्लायवर स्कोप लावतो आणि दोष तिथे सापडतो. स्विचिंग रेग्युलेटरच्या रचनेवरचे हे पुस्तक या क्रमालाच हरकत घेते. सप्लायचा विचार पहिल्या दिवशी करा, असे ते सांगते, आणि तो कसा करायचा हे आकड्यांनिशी दाखवते. मला हे म्हणणे पूर्ण पटते, म्हणून ही प्रस्तावना लिहिताना आनंद होतो आहे.

ज्यांनी या विषयात अजून पाऊल टाकलेले नाही त्यांच्यासाठी मुळापासून सुरुवात करतो. ७८०५ हा लिनियर रेग्युलेटर डिप्लोमाच्या पहिल्या प्रयोगापासून सगळ्यांच्या ओळखीचा. १२ व्होल्ट आत देऊन त्यातून ५ व्होल्टला १ अँपिअर घेतला, तर लोडला ५ वॅट मिळतात आणि उरलेले ७ वॅट त्या तीन पायांच्या आयसीत उष्णता होऊन जातात. कामाला येते त्यापेक्षा वाया जाते ते जास्त. आयसी कितीही चांगली घेतली तरी हा हिशेब बदलत नाही, कारण जादा व्होल्टेज स्वतःवर घेणे हीच तिची काम करण्याची पद्धत आहे.

स्विचिंग रेग्युलेटर वेगळ्या तत्त्वावर चालतो. पूर्ण बंद असलेल्या स्विचमधून करंट जात नाही आणि पूर्ण चालू असलेल्या स्विचवर व्होल्टेज पडत नाही. दोन्ही अवस्थांत त्याच्यातला वीजव्यय, आदर्श स्थितीत, शून्य. तेव्हा स्विच सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करायचा, किती काळ चालू ठेवायचा ते मागणीप्रमाणे ठरवायचे, आणि मधल्या खंडांची भरपाई इंडक्टर व कपॅसिटरकडून करून घ्यायची. विहिरीवरच्या रहाटाची गाडगी एकामागून एक भरून येतात आणि रिकामी होतात, तरी पाटातले पाणी मात्र एकसारखे वाहत राहते, तसेच हे घडते.

एक चक्र जवळून पाहू. १२ व्होल्टचे ३.३ व्होल्ट करणारा बक रेग्युलेटर, ५०० किलोहर्ट्झवर चालणारा. एक चक्र २ मायक्रोसेकंदांचे. त्यातला २७.५ टक्के वेळ, म्हणजे ०.५५ मायक्रोसेकंद, वरचा मॉसफेट, म्हणजे स्विच, चालू असतो. तेवढ्या वेळात १० मायक्रोहेन्रीच्या इंडक्टरवर ८.७ व्होल्ट पडतात आणि त्याच्यातला करंट सुमारे ०.४८ अँपिअरने चढतो. उरलेल्या १.४५ मायक्रोसेकंदांत त्याच्यावर उलट दिशेने ३.३ व्होल्ट पडतात आणि करंट तितकाच उतरतो. चढ आणि उतार जुळलेच पाहिजेत. जुळले नाहीत तर करंट दर चक्रात वाढत जाईल, इंडक्टरचा चुंबकीय कोअर संपृक्त होईल आणि मॉसफेट उडेल. बक, बूस्ट, फ्लायबॅक, फॉरवर्ड, चुक, सेपिक अशी कितीही नावे पुढे आली तरी प्रत्येकाचा पहिला हिशेब हाच असतो. पुस्तकानेही सुरुवातीला याच हिशेबावर बराच वेळ घालवला आहे, आणि ते योग्य आहे.

ही कल्पना ट्रान्झिस्टरपेक्षा जुनी आहे. १९३० च्या दशकात मोटारगाड्यांत व्हॉल्व्हचे रेडिओ आले तेव्हा बॅटरीच्या ६ व्होल्टवरून शेकडो व्होल्ट काढायचे होते. त्यासाठी व्हायब्रेटर वापरत: थरथरणारी पातळ पट्टी डीसी तोडत-जोडत राही, पुढे ट्रान्सफॉर्मर ते चढवी. संपर्कबिंदू झिजत, जळत, आणि व्हायब्रेटर बदलावा लागे. १९५० च्या दशकाच्या मध्यावर वेस्टिंगहाउसच्या जॉर्ज रॉयर यांनी दोन ट्रान्झिस्टर आणि एक संपृक्त होणारा ट्रान्सफॉर्मर यांचे स्वतःहून दोलणारे सर्किट केले. रॉयरच्या सर्किटाची एक सुधारित आवृत्ती पुढे कित्येक वर्षे लॅपटॉपच्या पडद्यामागचे दिवे लावत होती. त्यानंतर अवकाशयाने आणि लष्करी उपकरणे आली. तिथे प्रत्येक ग्रॅमचा हिशेब असल्यामुळे जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर टाळण्यासाठी लागेल तो खर्च करायला लोक तयार होते.

१९७७ च्या ॲपल-२ संगणकात रॉड होल्ट यांनी फ्लायबॅक सप्लाय बसवला आणि त्यातून क्रांती झाली, अशी गोष्ट नेहमी सांगितली जाते. होल्ट यांचे काम उत्तम होते यात शंका नाही, पण क्रांतीचे श्रेय एकट्या त्यांना देणे मला पटत नाही. १९७२ च्या एचपी-३५ या खिशातल्या गणकयंत्रात स्विचिंग सप्लाय होताच. टेक्ट्रॉनिक्सच्या ऑसिलोस्कोपांतही तो त्याच सुमारास आला होता. खरा बदल सुट्या भागांत घडत होता. जास्त व्होल्टेज सोसणारे वेगवान ट्रान्झिस्टर परवडू लागले होते. १९७६ मध्ये सिलिकॉन जनरलच्या बॉब मामानो यांची एसजी१५२४ ही आयसी बाजारात आली. ऑसिलेटर, तुलनाकार, एरर ॲम्प्लिफायर असे कंट्रोलचे सगळे भाग तिने एका चिपमध्ये आणले, आणि जे काम एका मोठ्या बोर्डाचे होते ते सोळा पायांत मावू लागले. दशक संपताना पॉवर मॉसफेट आले, आणि वीसेक किलोहर्ट्झवर थबकलेली वारंवारता शंभर किलोहर्ट्झच्या पुढे सरकली.

या इतिहासात चुंबकीय पदार्थांचा वाटा सहसा कुणी सांगत नाही. वारंवारता वाढली की साध्या लोखंडी पत्र्यांत भोवरी प्रवाहांनी इतकी उष्णता निर्माण होते की ते वापरताच येत नाहीत. फेराइट हा विजेला जवळजवळ अडवणारा चुंबकीय पदार्थ टोकियोत योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई यांनी १९३० च्या सुमारास शोधला, आणि १९३५ मध्ये त्याच्याच उत्पादनासाठी टीडीके ही कंपनी निघाली. आज प्रत्येक चार्जरमध्ये जो काळा-करडा कोअर दिसतो तो त्या शोधाचा वारस आहे. ट्रान्झिस्टरची प्रगती कितीही झाली असती, तरी फेराइट नसता तर सप्लाय लहान झाला नसता.

आता विचारपरंपरांकडे वळतो, कारण पुस्तकाची दृष्टी त्यांच्यावरच बेतलेली आहे.

पहिली परंपरा वर्कबेंचची. करून पाहा, मोजा, सुधारा, आणि जे टिकले ते पुढच्यांसाठी लिहून ठेवा. अब्राहम प्रेसमन यांचे पुस्तक याच वळणाचे. कर्नल मॅक्लायमन यांची ट्रान्सफॉर्मर-इंडक्टरची हँडबुकेही. आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ‘३८४२ द्या’ म्हटले की दुकानदार दुसरा प्रश्न न विचारता आयसी काढून देतो. युनिट्रोडची ती यूसी३८४२ दुरुस्ती करणाऱ्यांच्या हातात गेली चार दशके आहे. तिच्या कोणत्या पायावर किती व्होल्ट असले म्हणजे दोष कुठे, हे ज्यांना पाठ आहे अशा कारागिरांचे ज्ञान मी फार मोलाचे मानतो.

दुसरी परंपरा कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकची. स्विच चालू असताना सर्किट एक असते, बंद असताना दुसरेच. मग त्याची स्थिरता नेहमीच्या गणिताने तपासायची कशी? १९७६ मध्ये आर. डी. मिडलब्रुक आणि स्लोबोदान चुक यांनी त्याचे उत्तर दिले. दोन्ही सर्किटांची समीकरणे, प्रत्येकाच्या वाट्याला आलेल्या वेळेच्या प्रमाणात, एकत्र सरासरीत बसवायची. मग बोडेचे आलेख, फेज मार्जिन, लूप गेन ही सगळी ओळखीची साधने लागू पडतात. आज हे सोपे वाटते, पण त्याआधी रेग्युलेटर स्थिर करणे म्हणजे कपॅसिटर बदलत बसणे होते.

मिडलब्रुक यांनी त्याच वर्षी मांडलेला आणखी एक मुद्दा मला सर्वांत शिकवणारा वाटतो. रेग्युलेटर बाहेर ठरलेली पॉवर देतो. बाहेरची मागणी १० वॅटची असेल, तर नुकसान बाजूला ठेवून तो १२ व्होल्टवर ०.८३ अँपिअर ओढेल, आणि इनपुट १० व्होल्टवर उतरले की १ अँपिअर ओढेल. साधा रेझिस्टर नेमका उलट वागतो. व्होल्टेज उतरताना करंट वाढवणारे असे लोड पुढच्या इनपुट फिल्टरमधले दोलन विझवण्याऐवजी त्याला खतपाणी घालते. म्हणून फिल्टर एकटा तपासला तर बरोबर, रेग्युलेटर एकटा तपासला तर बरोबर, आणि दोघे जोडले की सप्लाय डोलायला लागतो. फिल्टरचा बाहेरच्या बाजूचा अवरोध रेग्युलेटरच्या इनपुट अवरोधापेक्षा पुष्कळ कमी ठेवा, हा त्यांचा निकष. लांब वायरने जोडलेले बोर्ड, मोठ्या सिरॅमिक कपॅसिटरपुढे टाकलेला ‘आणखी एक चोक’, अशा रोजच्या प्रसंगांत तो निकष मोडला जातो.

तिसरी परंपरा व्हर्जिनिया टेकची, फ्रेड ली आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची. उद्योगातल्या अडचणी थेट प्रयोगशाळेत आणण्याची त्यांची पद्धत. करंट-मोड कंट्रोलमध्ये ड्युटी, म्हणजे चक्रातला स्विच चालू असण्याचा वाटा, ५० टक्क्यांच्या वर गेली की एक चक्र लांब आणि पुढचे आखूड असा खेळ सुरू होतो. त्याचे नेमके प्रतिमान रे रिडली यांनी १९९० च्या सुमारास तिथेच बांधले. प्रोसेसरसाठी अनेक लहान बक रेग्युलेटर आळीपाळीने चालवण्याची बहुफेज रचनाही तिथल्या कामातून पुढे आली. रेझोनंट कन्व्हर्टर, डिजिटल कंट्रोल, कपॅसिटरवरच चालणारे कन्व्हर्टर या शाखांचा इथे केवळ उल्लेख करतो. त्यांना स्वतंत्र ग्रंथ लागतील. भारतात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील व्ही. रामनारायणन यांच्या वर्गटिपणांवर आणि आयआयटी मुंबईच्या बी. जी. फर्नांडिस यांच्या एनपीटीईएल व्याख्यानांवर अभियंत्यांची एक पिढी शिकली आहे.

वर्कबेंच आणि समीकरण यांच्यात निवड करावी लागत नाही, ही या पुस्तकाची भूमिका. ती बूस्ट रेग्युलेटरच्या विवेचनात सर्वांत चांगली उतरली आहे. बाहेर मागणी वाढली की कंट्रोलर ड्युटी वाढवतो. पण बूस्टमध्ये स्विच चालू असेपर्यंत इंडक्टर आउटपुटपासून तुटलेला असतो. म्हणजे मागणी वाढल्याबरोबर आउटपुटला आधी कमी मिळते. इंडक्टरमधला करंट चढल्यावरच ते सावरते. पहिली प्रतिक्रिया उलट्या दिशेची! ५ व्होल्टचे १२ व्होल्ट करणाऱ्या, १ अँपिअर देणाऱ्या आणि १० मायक्रोहेन्रीचा इंडक्टर असलेल्या बूस्टमध्ये या दोषाची वारंवारता सुमारे ३३ किलोहर्ट्झ येते, आणि लूपचा वेग तिच्या तिसऱ्या-पाचव्या हिश्श्यातच ठेवावा लागतो. गणितात याला उजव्या अर्धप्रतलातला शून्यबिंदू म्हणतात. बेंचवर तो लोड झटक्याने बदलताना दिसणारी खोच असतो. लेखकांनी दोन्ही शेजारी ठेवले आहेत.

आजच हा विषय इतका निकडीचा का झाला? एक कारण प्रोसेसरचे. त्यांचे व्होल्टेज १ व्होल्टच्या खाली गेले आणि करंट शेकडो अँपिअरवर. ०.८ व्होल्टला ५०० अँपिअर म्हणजे ४०० वॅट. वाटेत एक मिलिओहम जरी रोध राहिला, तरी २५० वॅट वाटेतच खर्च होतील. म्हणून रेग्युलेटर प्रोसेसरला चिकटून बसवावा लागतो, आणि त्याच्यापर्यंत वीज जास्त व्होल्टेजवर आणावी लागते. गूगलने २०१६ मध्ये डेटा सेंटरच्या रॅकसाठी ४८ व्होल्ट पुढे केले त्यामागे हेच गणित होते: १२ च्या जागी ४८ घेतले की करंट चौथा हिस्सा आणि त्याच तारेतला व्यय सोळावा. ऐरोली-महापे पट्ट्यात उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांच्या वीजबिलात आणि वातानुकूलनाच्या खर्चात या रेग्युलेटरांच्या कार्यक्षमतेचा एकेक टक्का मोजला जातो.

दुसरे कारण घराघरांतले. उजाला योजनेतून २०१५ पासून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब घरोघरी पोचले, आणि प्रत्येकाच्या बुडाशी एक ड्रायव्हर आहे. साधा छतपंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा तीसेक वॅटमध्ये तेच काम करतो; त्यातही सप्लाय आलाच. यूएसबी-सीची मर्यादा २०२१ मध्ये १०० वरून २४० वॅटवर गेली. इलेक्ट्रिक स्कूटर, सोलर पंप, स्मार्ट मीटर यांची यादी वाढतच राहील.

पण आपली वीज कॅटलॉगातली नाही. परदेशी ॲप्लिकेशन नोट ९० ते २६४ व्होल्ट गृहीत धरते. आपल्याकडे गल्लीतल्या तीन-फेज लाइनचा न्यूट्रल सुटला की एखाद्या घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत शिरू शकतात. २३० चे डीसी करून ३२५ व्होल्ट होतात. ४०० चे ५६५. तिथे ४०० व्होल्टचा इलेक्ट्रोलायटिक टिकत नाही, आणि ६५० व्होल्टचा मॉसफेट फ्लायबॅकच्या परतीच्या व्होल्टेजसह नक्कीच जातो. त्यात पत्र्याखालची उष्णता. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. डब्यात ६५ अंशांऐवजी ७५ असले की पाच वर्षांची हमी अडीच वर्षांवर येते. या परिस्थितीसाठी रचना कशी करायची, हे पुस्तकात सविस्तर आहे. मराठी वाचकाला या विषयाचे पुस्तक हवे असण्याचे हे एकच कारण मला पुरेसे वाटते.

पुस्तकाचा सर्वांत मोलाचा भाग मात्र बोर्डाच्या मांडणीचा, आणि त्यावर थोडे थांबल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. बक रेग्युलेटरमध्ये इनपुट कपॅसिटर आणि दोन मॉसफेट यांचे एक लहान वर्तुळ असते. त्यातला करंट काही नॅनोसेकंदांत सुरू होतो आणि तुटतो. एक सेंटिमीटर ट्रॅकची इंडक्टन्स ढोबळमानाने १० नॅनोहेन्रीच्या आसपास धरतात. ५ अँपिअर १० नॅनोसेकंदांत तुटला, तर त्या सेंटिमीटरभर तांब्यावर ५ व्होल्ट उभे राहतात. सर्किटच्या आकृतीत हे ५ व्होल्ट कुठेच नाहीत. स्क्रूच्या भोकाला जागा करून द्यायला कुणी तो कपॅसिटर जरा पलीकडे सरकवला, की ते अवतरतात, आणि पुढे ईएमसी चाचणीत नापास होण्याचे कारण ठरतात. सिरॅमिक कपॅसिटरवर १० मायक्रोफॅरड छापलेले असले तरी डीसी व्होल्टेज चढल्यावर लहान आकाराच्या नगात त्यातले निम्मेही उरत नाहीत. हेही आकृती सांगत नाही. वारंवारता निवडण्यालाही बाहेरची कारणे असतात. तारांवाटे बाहेर पडणाऱ्या गोंगाटाची मोजणी बहुतेक मानकांत १५० किलोहर्ट्झपासून सुरू होते, म्हणून पुष्कळ चार्जर ६५ किलोहर्ट्झवर चालतात: मूळ वारंवारता आणि तिची दुप्पट, दोन्ही मर्यादेखाली राहतात. मोटारीतले रेग्युलेटर २ मेगाहर्ट्झच्या थोडे वर नेतात, ते मीडियम वेव्ह रेडिओत खरखर येऊ नये म्हणून.

एका बाबतीत माझे मत लेखकांपेक्षा वेगळे आहे. त्यांनी सिम्युलेशनला फार थोडी जागा दिली. सिम्युलेशनवर विसंबून हात न चालवणारे विद्यार्थी त्यांच्या डोळ्यांपुढे असतील, आणि ती काळजी खरी आहे. तरीही ज्याच्याकडे महागडा स्कोप नाही अशा नाशिकच्या किंवा सोलापूरच्या विद्यार्थ्याला लूपचे वागणे पाहण्याची पहिली खिडकी एलटीस्पाइससारखे फुकट सॉफ्टवेअरच आहे. पुढच्या आवृत्तीत तो भाग वाढावा. किलोवॅटच्या पुढचे चार्जर आणि डिजिटल कंट्रोल मात्र मुद्दाम बाहेर ठेवले आहेत, आणि तो निर्णय मला योग्य वाटतो. काही वॅटपासून शे-दीडशे वॅटपर्यंतची रचना नीट जमली की पुढची वाट मोकळी होते. गॅलियम नायट्राइडच्या मॉसफेटसदृश स्विचांवर मोजके पण नेमके लिहिले आहे: ते वेगवान आहेत म्हणून मांडणीतली चूक लवकर उघडी पडते.

प्रकरणांचा क्रम बदलू नये, अशी वाचकांना माझी आग्रहाची विनंती आहे. १२ व्होल्टच्या बकपासून सुरुवात करा, इंडक्टर स्वतः गुंडाळा, प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून टोकाला लहान स्प्रिंग लावून रिपल मोजा. मुख्य लाइनवरचा फ्लायबॅक शेवटी आहे तो विचारपूर्वक. तिथे प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्ट राहतात. हात लावण्याआधी ते रेझिस्टरमधून उतरवा आणि मीटरने खात्री करा. स्कोपचा ग्राउंड क्लिप प्रायमरी बाजूला कधीच लावू नका. त्या बाजूला मोजायचेच असेल तर सप्लायला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा स्कोपला डिफरन्शियल प्रोब लागेल. या दोन्हींपैकी एकही हाताशी नसेल, तर फ्लायबॅकचा तो भाग फक्त वाचा आणि सर्किट बांधायचे काम साधन मिळेपर्यंत पुढे ढकला.